सव्वा महिन्याचं सामान आणि तुमची खरेदीची यादी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या शनिवारच्या पुरवणीत नवीन बाळासाठी काय काय खरेदी करावं याचं पानभर रंगीत प्रकरण तुम्ही छापलंत, त्याबद्दल हे पत्र. पान देखणं आहे, प्रश्नच नाही, गुबगुबीत बाळाचा फोटो बघून कुणालाही बरं वाटेल, पण खाली जी "मस्ट हॅव" यादी दिलीय ती वाचता वाचता माझा पारा चढत गेला. मी सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, म्हणजे लोक जिला नर्सबाई म्हणतात ती, आता रिटायर आहे, त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीत खरंच काय लागतं आणि काय नुसतं कोपऱ्यात धूळ खात पडतं हे बऱ्यापैकी बघितलंय. त्यात माझ्या भाचीला सातवा महिना चालूय आणि तिने नेमकं तेच पान मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून विचारलं, "मावशी, हे सगळं घ्यायलाच लागतं का गं?" तिला फोनवर सांगायचं ते सांगितलं, पण तिच्यासारख्या कितीतरी पोरींनी ते पान वाचलं असणार म्हणून तुम्हालाही लिहिते. पत्र लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा, फक्त बाटलीचा आणि डांबरगोळ्यांचा भाग ठेवा.

यादीत ओले वाइप्स गरम करायचं मशिन आहे. बाळाचे बूट आहेत, जे बाळ अजून मान धरत नाही त्याचे बूट! तीन साइजच्या दुधाच्या बाटल्या, त्या निर्जंतुक करायचं इलेक्ट्रिक भांडं, गादी-उशी-लोडांचा झालरवाला सेट, पावडर, काजळ, परफ्यूम, वॉकर. थर्मामीटर नाही. मच्छरदाणी नाही. आणि जिच्या पोटातून ते बाळ येणार तिच्यासाठी अख्ख्या पानावर एक वस्तू नाही, साधा पुढून उघडणारा गाऊनसुद्धा नाही.

मुळात पहिल्या सव्वा महिन्यात बाळाला लागतं काय? ऊब लागते, आईचं दूध लागतं, स्वच्छ हात आणि स्वच्छ कापड लागतं, डास-माशीपासून आडोसा लागतो, आणि बाळ आजारी पडायला लागलं तर ते वेळेत ओळखणारं कुणीतरी घरात लागतं. बस. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने 1995 पासून 39 गावांत हे करून दाखवलं, गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, त्या घरी जाऊन बाळ तपासायच्या, वजन करायच्या, आईला शिकवायच्या, आणि तीन वर्षांत तुलनेच्या गावांशी ताडून पाहिलं तर नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. 1999 च्या डिसेंबरात ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलं. मग 2011 पासून देशभर आशाताईंकडे हे काम आलं, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशी पण. आता त्या आशाताईच्या पिशवीत काय असतं बघा, वजनकाटा, डिजिटल थर्मामीटर, घड्याळ, ब्लँकेट आणि दूध पाजायचा चमचा. मला विचाराल तर बाळाच्या सामानाची यादी सुरू करायची ती इथून, मॉलच्या दुसऱ्या मजल्यावरून नाही.

आता कपडे. आपल्याकडे बाळ यायच्या आधी घरात काही आणून ठेवायचं नाही असा समज घट्ट आहे, सातव्या-आठव्या महिन्यात कुणी दुकानाचं नाव काढलं की आजीचा चेहरा पडतो. मी त्या समजाशी भांडत बसत नाही, त्यामागे आधीच्या बायकांनी काय काय सोसलंय ते माहितीय मला. पण होतं असं की रात्री दोनला बाळ होतं आणि बाप हॉस्पिटलखालच्या मेडिकलमध्ये धावतो, काउंटरवरचा पोरगा जो चेनवाला गिफ्ट सेट पुढे करेल तो उचलून आणतो, आणि वर येऊन उघडलं की त्यात पावडर, साबण, तेल, कंगवा, नायलॉनची टोपी, खुळखुळा, सगळं असतं आणि बाळाच्या अंगात घालायला एक धड झबलं नसतं. मग आजीच्या पदरात गुंडाळलेलं बाळ तसंच.

यावर उपाय आपल्याच घरात आहे. पहिलं झबलं दुसऱ्या बाळाचं वापरलेलं घालायचं ही आपली जुनी रीत, ती मला फार शहाणपणाची वाटते. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, रंग जायचा तो गेलेला, शिवण टोचत नाही, आणि आजीचा समज पण मोडत नाही कारण नवीन काही आणलेलंच नाही. नणंदेकडून, जावेकडून, शेजारणीकडून मागून घ्या, त्यात लाज कसली. फक्त एक गोष्ट बघा आणि ही कृपा करून ठळक छापा. हे जुने कपडे बऱ्याच घरांत ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून ठेवलेले असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम जन्मतः कमी असतं, अशा बाळाला त्या गोळ्यांचा वास लागलेले कपडे घातले की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात आणि कावीळ अंगावर बेतेल इतकी वाढू शकते. आणि आपलं बाळ त्यातलं आहे का हे घरात आधी कुणालाच माहिती नसतं. म्हणून ट्रंक उघडली, घडी काढली आणि घातलं असं करायचं नाही, दोन-तीनदा धुवा, कडक उन्हात वाळवा, वास पूर्ण गेला की मगच वापरा, आणि पुढच्या बाळासाठी ठेवताना त्या गोळ्या टाकूच नका, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला हवं तर.

नवीन शिवायची असतील तर मलमलची, पुढून उघडणारी, बंदांची झबली. डोक्यावरून घालायचं काही नको, नवख्या आईला बाळाची मान सांभाळत ते जमत नाही आणि मग ती रडते. गुंड्या नकोत, टिकल्या नकोत, लेस नको, गळ्याभोवती दोरी तर अजिबात नको. सात-आठ झबली, दोन-तीन टोपडी, पायमोजे, पाच-सहा दुपटी एवढ्यात भागतं कारण बाळ ती दीड-दोन महिन्यांत सोडतं. आणि ऋतू बघा की हो! तुमच्या यादीत सरसकट लोकरीचा सेट आहे. महाबळेश्वरला डिसेंबरात बाळ झालं तर लोकर हवीच, पण मे महिन्यात अकोल्याला बाळाला लोकरीची टोपी आणि दोन दुपटी गुंडाळली तर त्या लेकराला नुसत्या उकाड्यानेच ताप चढतो, आणि मग सगळे म्हणतात ताप कशाने आला. बाळाचं पोट आणि तळपाय हाताने बघायचे, दोन्ही कोमट असले की ठीक, पोट गरम पण पाय गार असले की बाळाला थंडी वाजतेय. याला मशिन लागत नाही.

लंगोटांचं म्हणाल तर दोन-अडीच डझन लागतात, जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे सगळ्यात भारी. इथे मात्र मी माझ्या वयाच्या बायकांच्या विरोधात बोलणार आहे. डायपर म्हणजे काहीतरी पाप असल्यासारखं बोलतात, ते काही खरं नाही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन नसतं, लंगोट दोरीवर तसेच दमट राहतात, तो दमट लंगोट घालण्यापेक्षा रात्री एक डायपर घातलेला बरा, आणि ते लंगोट धुणार कोण हाही प्रश्न आहेच ना, एकतर ती ओली बाळंतीण नाहीतर तिची आई. रात्री एक आणि बाहेर जाताना एक, दिवसा लंगोट, असं ठेवलं तर कातडी पण लाल होत नाही. फक्त न्यूबॉर्न साइजचे मोठे पॅक साठवू नका, ती साइज साधारण पाच किलोपर्यंतच बसते. सप्टेंबर 2025 मध्ये डायपरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला म्हणून दुकानदार कपाटभर घ्यायला सांगतील, ऐकू नका. आणि वापरलेला डायपर उघडा ओल्या कचऱ्यात टाकू नका हो, तो कुणीतरी बाई हाताने वेगळा करते. पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायचा असं पुण्यात कचरावेचक ताईंनीच लोकांना शिकवलंय. (तुमचा पेपर या कामाला चांगला जाड आहे, राग मानू नका.)

झोपायचं सामान हा तर वेगळाच विषय आहे. बाळाला उशी लागत नाही. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तुमच्या यादीत पण आहे, पण बाळाचं डोकं सुरुवातीला एका बाजूला थोडं चपटं असेल तर ते बहुतेक वेळा मान धरायला लागलं, पोटावर खेळायला लागलं की आपोआप भरून येतं. तक्के, लोड, पाळण्याच्या कडेने बांधायचा झालरवाला कापसाचा कठडा, हे सगळं दिसायला गोड आणि बाळाच्या नाकाशी येणारं. अमेरिकेत तर 2022 मध्ये कायदा करून त्या पाळण्याच्या कठड्यांची विक्रीच बंद केली, बाळं गुदमरतात म्हणून. आपल्याकडे तेच बाळंतविड्यात गिफ्ट देतायत. सपाट जराशी घट्ट गादी, त्यावर गोधडी, बाळ पाठीवर झोपलेलं, आणि वरून ती छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. मच्छरदाणी ही माझ्या यादीत दुपट्याच्या बरोबरीने येते कारण इतक्या लहान बाळाला डास मारायची क्रीम लावता येत नाही आणि कॉइलचा धूर त्याच्या छातीला झेपत नाही. धुराचं निघालं म्हणून सांगते, शेगडी आणि धुरी सुद्धा यादीत नको. ओवा-वावडिंगाचा वास मला पण आवडतो, पण दार-खिडक्या लावून निखाऱ्याची शेगडी खोलीत ठेवणं म्हणजे बाळ आणि बाळंतीण दोघींच्या जिवाशी खेळ आहे. दुपट्यात गुंडाळताना पण पाय सरळ करून करकचून बांधतात, ते नको, पाय बेडकासारखे मोकळे हलू द्या, खुब्याचं हाड त्याने नीट बसतं.

आता बाटली. इथे मला तुमच्याशी जरा कायद्याचं बोलायचंय. आपल्या देशात 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक केला, त्यात दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठीचं डब्यातलं दूध, दूध पाजायच्या बाटल्या आणि बाळांचं तयार खाणं यांची जाहिरात करायला बंदी आहे, कुठल्याही माध्यमात. फुकट सँपल द्यायला बंदी, दवाखान्यात पोस्टर लावायला बंदी, डब्यावर बाळाचा फोटो छापायला सुद्धा बंदी. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या पानावर बाटल्यांच्या फोटोखाली कंपनीचं नाव आहे आणि डिस्काउंटचा क्यूआर कोड आहे. आता हा लेख होता का जाहिरात हे तुमचे वकील ठरवतील, पण मी साधी बाई आहे, मला तो कोड जाहिरातच वाटला. उपकेंद्राच्या भिंतीवर कुणी असा कागद चिकटवला असता तर मी तो फाडला असता.

कायदा उगाच नाही केलेला. बाटलीच्या बुचात, फटीत दूध राहतं, ते सडतं, आणि जिथे पाणीच दिवसाआड येतं तिथे ती बाटली दर वेळी उकळणार कोण आणि कशी? मग जुलाब, मग सलाईन. आणि बाटलीची सवय लागली की काही बाळं आईकडे ओढायलाच कंटाळतात, दूध कमी होतं, मग म्हणायचं "हिला दूधच येत नाही". पहिल्या तासाभरात बाळ छातीला लावलं, पहिला पिवळा चीक पाजला, सहा महिने वरचं पाणीसुद्धा दिलं नाही, की बहुतेक सगळ्या बायकांना पुरेसं दूध येतं, बाळ दिवसातून सहा-सात वेळा शू करत असलं की पोट भरतंय समजा. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, ते दोन आठवड्यांत भरून निघतं, त्याला घाबरून डबा आणू नका. हां, काही आयांना खरंच वरचं द्यावं लागतं, आजारपण असतं, बाळ फार लवकर झालेलं असतं, तिथे आईला दोष द्यायचा नाही, डॉक्टरांना विचारून द्यायचं आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, पाजायचं. ते गरम पाण्यात उकळलं की झालं, फट नाही काही नाही. आणि मोठ्या हॉस्पिटलात दाखल असलेल्या कमी वजनाच्या बाळासाठी दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध मिळतं का ते विचारायचं, मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली, आपल्या महाराष्ट्रात! ते तुमच्या पानावर यायला हवं होतं.

नोकरीवाल्या मुलींना दूध काढायचा पंप लागतो, मान्य आहे. पण तो रजा संपत आल्यावर बघा, 2017 पासून पहिल्या दोन बाळांना 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. ऊसतोडीला जाणारीला ती नाही हे पण तितकंच खरं, तिला यादी पण नाही आणि रजा पण नाही.

बाकीचं भराभर. पावडर नको, ती हवेत उडते आणि बाळाच्या श्वासात जाते, एका मोठ्या जगप्रसिद्ध कंपनीने 2023 मध्ये टाल्कवाली बेबी पावडर जगभर बंद केली तरी आपल्याकडे आंघोळ झाली की बाळ पिठात घोळल्यासारखं पांढरं केलंच पाहिजे. काजळ डोळ्यात नको, त्यात शिसं सापडलेलं आहे, दृष्टीची भीती वाटत असेल तर तळपायाला तीट लावा, दृष्ट कुठूनही उतरते. मध एक वर्षाच्या आत चाटवायचा नाही. ग्राइप वॉटर नको, गुटीची तयार बाटली पण नको, सहाणेवर उगाळलेली पण नको, सहा महिन्यांनंतर काय ते बघू, यावरून सासवांशी माझी इतकी वादावादी झालीय की आता त्यावर लिहायचा कंटाळा येतो. वॉकर पायावर उभं राहायच्या वयाचा, तो न्यूबॉर्नच्या यादीत कसा आला देव जाणे, कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. तेल साधं खोबरेल पुरे, पण मालिशवाल्या मावशींना हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढायला आणि नखं कापायला सांगा, आणि नाकाकानात तेल, बेंबीत तेल-हळद काहीही घालू देऊ नका. नाळ कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यांत आपली आपण गळते.

ज्या वस्तूंना कुणी गिफ्ट रॅप करत नाही त्या मात्र घ्या. डिजिटल थर्मामीटर, काखेत लावायचा, आकडा साडेछत्तीस ते साडेसदतीस सेल्सियसच्या मध्ये असावा, अडतीसला गेला तर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी औषध नाही, सरळ डॉक्टर. भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ, बाळ शांत झोपलेलं असताना श्वास मोजायचे, मिनिटाला साठच्या वर गेले, छाती आत ओढली जात असली, बाळ दूध ओढेनासं झालं, हातापायाचे तळवे पिवळे दिसायला लागले, तर गाडी काढायची, सकाळची वाट बघायची नाही. आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी 102 ची गाडी फुकट आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज 400 युनिट, वर्षभर. नेलकटर छोटा. आणि दवाखान्यातून मिळालेलं माता व बाल संरक्षण कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराशेजारी ठेवा, बीसीजी, पोलिओचा झिरो डोस आणि कावीळ बी या जन्मतःच्या तीन लसी त्यावर टिकमार्क करून घ्या. 21 दिवसांच्या आत जन्माची नोंद.

बाळ अडीच किलोच्या खाली असलं तर सगळे घाबरून आणखी महागड्या वस्तूंकडे धावतात. तिथे तर सगळ्यात स्वस्त गोष्ट लागू पडते. बाळाला फक्त लंगोट-टोपडं घालून आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून साडी किंवा शाल गुंडाळायची, तासन्‌तास. कांगारू मदर केअर म्हणतात त्याला, 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून डॉक्टरांनी सुरू केलं आणि आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा बाळांना जन्मल्याबरोबरच हे सुरू करा. आई थकली तर बापाने धरायचं. बापाच्या छातीचे केस बाळाला टोचत नाहीत, हे मला एका बापाने फार काळजीने विचारलं होतं म्हणून सांगून ठेवते.

सरकारने सुद्धा यादी केलीय बरं का. आपल्या राज्यात 2019 च्या प्रजासत्ताक दिनापासून सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण झालेल्या आईला साधारण दोन हजारांचं बेबी केअर किट द्यायची योजना आली, त्यात कपडे, छोटी गादी, टॉवेल, थर्मामीटर, मच्छरदाणी, ब्लँकेट आणि आईसाठी गरम कपडे पण होते. शाम्पू, खेळणी पण होती म्हणा. तरी तुमच्या पानापेक्षा बरीच बरी यादी. फिनलंडने तर 1938 मध्येच बाळाचा खोका सुरू केला, आधी गरीब आयांना आणि 1949 पासून सगळ्यांना, त्यात कपडे आणि गादी, आणि तो रिकामा खोकाच बाळाचा पहिला पलंग. पण मला आवडली ती त्यातली अट, चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात तपासणी केली तरच खोका. सामान म्हणजे आमिष, खरं काम तपासणीचं. आपल्या किटला अशी अट जोडली असती तर उपकेंद्रावरच्या बायकांचे अर्धे हेलपाटे वाचले असते, पण आम्हाला कोण विचारतं.

आणि आता आई. तुमच्या यादीतल्या वस्तूंची बेरीज मी भाचीला मोबाइलवर करायला लावली, आणि आकडा बघून तीच म्हणाली की यात तर कामाला महिनाभर बाई येईल. मी म्हणते तेच करा. त्या पैशात सव्वा महिना धुणं-भांड्याला मावशी लावा, म्हणजे आईला दुपारी दोन तास झोप मिळेल. अळीव-खारीक आणा, डाळी, अंडी, पालेभाज्या आणा, दूध पाजायला बसली की हाताशी पाण्याचा तांब्या ठेवा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या असतात, त्या बहुतेक जणी बारशाच्या आत सोडतात कारण सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. मोठे पॅड, पुढून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन, पाठीला टेकायला एक चांगली उशी, ही उशी आईला, बाळाला नाही. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला 5000 रुपये येतात ते तिच्या खाण्यापिण्यासाठी आणि बुडालेल्या रोजंदारीसाठी असतात, त्यातून बारशाचा फुग्यांचा सेट आणि फोटोग्राफर केलेला मी बघितलाय. आणि ती उगाच रडायला लागली, झोप लागेना, बाळाकडे बघेना, तर "नखरे" म्हणू नका, दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर डॉक्टरकडे न्या, हेही सामानाइतकंच घरात माहिती हवं.

तुमच्याकडे माझ्या तीनच मागण्या आहेत. तो बाटल्यांचा चौकोन आणि क्यूआर कोड तुमच्या ऑनलाइन पानावरून काढून टाका. पुढच्या वेळी असं पान करताना एखाद्या जिल्हा रुग्णालयातल्या प्रसूती वॉर्डच्या सिस्टरला किंवा एखाद्या आशाताईला फोन करा, त्या दहा मिनिटांत यादी सांगतील आणि मानधन पण मागणार नाहीत, पण तुम्ही द्या. आणि आशाताईच्या भेटीचे ते सहा दिवस एका चौकटीत छापा, म्हणजे आयांना कळेल की कुणी आलं नाही तर बोलवायचं असतं.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा
(कृपया नाव छापू नये.)

ता.क. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांच्यासाठी एक राहिलंच. दवाखान्यातून घरी नेताना बाळ पुढच्या सीटवर आजीच्या मांडीवर असतं, जोरात ब्रेक लागला तर आजीच्या हातात ते राहत नाही. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीत लहान मुलांना बेल्ट किंवा त्यांच्यासाठीची खास सीट सक्तीची केलीय, नाहीतर हजार रुपये दंड. पाठीमागे तोंड करून बसवायची बाळाची कारसीट मागच्या सीटवर लावा, नवीन महाग वाटली तर ओळखीतली घ्या, पण अपघातात सापडलेल्या गाडीतली घेऊ नका. वाइप्स गरम करायच्या मशिनच्या जागी ही छापली असती तर मी पत्रच लिहिलं नसतं.